ऐंशीवर थांबा

पावतीवर वजन चोवीस किलो लिहिलंय.
तिसऱ्या मजल्यावरून उतरवताना
माझा उजवा गुडघा म्हणतो, खोटं आहे.

रजेचे साठलेले पैसे हातात आले तेव्हा
नलूनं सोफ्याचं नाव घेतलं होतं.
आता सोफ्याच्या जागी ही उभी,
जाड टायरची, काळी, म्हशीसारखी शांत.
"पायडल तुम्हीच मारनार, मंग करंट काहून लागते?"
मी सांगितलं, ही ओढत नाही, साथ देते.
दंडारीतल्या झीलकऱ्यासारखी.
आपण सूर लावला तरच मागून उचलते,
आपण गप्प तर तीही गप्प.
"हाव," नलू म्हणाली, "म्हंजे आपल्यासारखंच."
दोघांत झीलकरी कोण, ते तिनं सांगितलं नाही.

दुकानातल्या तौफिकनं पहिल्याच दिवशी
माझ्या तळहातावर पेनानं लिहून दिलं:
पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस.
"प्रेशरनं धुवू नका काका, पाणी आत शिरते.
चेनवर तेल थेंब थेंब. मग पुसा. मग परत पुसा.
आन् डिस्कला बोट नका लावू.
मानसाच्या हाताचं तेल तिले चालत नाही."
मी बोट लावलं होतं.
आठवडाभर ब्रेक दाबला की
गोरेवाड्याचे मोर उत्तर द्यायचे.

"शंभर भरू नका, ऐंशीवर थांबा,
वीसच्या खाली जाऊ देऊ नका,
मंग पाहा किती वर्षं टिकते."
हे त्यानं बॅटरीबद्दल सांगितलं.
मी घरी येईस्तोवर
नाइट शिफ्ट मोजत होतो.

नवतप्यात सकाळी साडेआठलाच डांबर मऊ.
फिरून आलो की बॅटरी काढायची,
तापलेली चार्जिंगला लावायची नाही,
कूलरच्या खोलीत स्टुलावर निवू द्यायची.
नलू पोराच्या खिशात कांदा ठेवायची, ऊन बाधू नये म्हणून.
परवा विचारत होती,
"हिले बी बांधू का एक?"

रात्री चार्जरचा दिवा लाल असतो.
त्या लालात मला अॅश हँडलिंग दिसतं.
एकतीस वर्षं कोराडीला
मी विजेची राख काढली,
वीज काही पाहिली नाही.
ती तारांवरून कुठं कुठं निघून जायची.
माझ्या वाट्याला पापण्यांवरची भुकटी
आणि डब्यातल्या भाजीत दाताखाली कचकच.
आता सेमिनरी हिल्सचा चढ लागला
की पोटरीत काहीतरी येऊन मिळतं
आणि मी मनात म्हणतो, ही माझी आहे,
भविष्य निर्वाह निधीत न दाखवलेली.

मागच्या गुरुवारी मात्र मोह झाला.
काटोल नाक्यावरून परतायचं सोडून
मातीच्या वाटेला लागलो,
टेकाडावरून चिमण्या दिसतात म्हणून.
दिसल्या. धूर सरळ वर, वारा नव्हता.
आता आत ए शिफ्टला कोण असेल?
उईकेचा पोरगा चिकटला म्हणतात.
उभा राहिलो. पाणी प्यालो.
परतताना स्क्रीनवर अकरा, मग चार, मग काळोख.

चोवीस किलो म्हणजे किती
ते तेव्हा कळलं.
दुधाच्या चार कॅन लटकवलेला म्हातारा
खडखड्या सायकलवरून पुढं गेला,
वळून म्हणाला,
"नवीन गाडी बंद पडली का बाप्पा?"
"बंद नाही पडली," मी धापा टाकत सांगितलं,
"सायकल झाली."
तो हसला, पण थांबला नाही.
दूध नासलं असतं.

घरी आलो तेव्हा अकरा वाजले होते.
नलू काही बोलली नाही.
बॅटरी स्टुलावर, मी खाली फरशीवर,
कूलरचा वारा आधी तिला, मग मला.
दीड तासानं नलूनंच प्लग लावला
आणि ऐंशीवर काढलासुद्धा,
मी झोपलो होतो.

पुढच्या महिन्यात ब्रेकचे पॅड बदलायचे.
तौफिक आठशे म्हणतो.
नलूला मी चारशे सांगणार आहे.